यंत्र : देऊळ कीं पोथी ?

जुन्या वस्तु जतन करण्याच्या दोन रीति आपल्याकडे फार काळापासून चालत आल्या आहेत. आणि त्या एकमेकींहून इतक्या भिन्न आहेत कीं, त्यांच्यांतील भेद ध्यानांत घेतल्याखेरीज प्रस्तुत प्रश्नाचा विचार नीट होणार नाहीं. कल्याणच्या पुढें अंबरनाथ येथें शिलाहारांच्या काळचें शिवमंदिर आहे. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हा त्याचा काळ तेथील शिलालेखांत नोंदलेला आहे. उद्यां कोणी त्याच मापाचें, त्याच घडणीचें, शिल्पाशिल्पांत तंतोतंत जुळणारें दुसरें देऊळ डोंबिवलीस उभारलें, तर त्याच्या कारागिरीचें आपण कौतुक करूं; पण त्याला अंबरनाथचें देऊळ म्हणणार नाहीं. उलट, १८९३ सालीं स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयांत जाऊन एखाद्यानें ज्ञानेश्वरी मागितली आणि ग्रंथपालानें गेल्या वर्षीं छापलेली प्रत त्याच्या हातीं ठेविली, तर ‘ही ज्ञानेश्वरी नव्हे’ अशी तक्रार कोणी करणार नाहीं. देवळाचें देऊळपण त्याच्या दगडांत आहे. पोथीचें पोथीपण तिच्या कागदांत नसून अक्षरांच्या क्रमांत आहे. म्हणून देवळाचा जीर्णोद्धार करावा लागतो, आणि पोथीची नक्कल केली म्हणजे पुरतें.

आतां प्रश्न असा कीं, यंत्र हें या दोहोंपैकीं कोणत्या वर्गांत घालावें ? परवांपरवांपर्यंत या प्रश्नाचें उत्तर देण्यास कोणासहि फारसा विचार करावा लागत नव्हता. यंत्र हें देवळाच्या जातीचें. तें झिजतें, गंजतें, त्याचे सुटे भाग बाजारांत मिळेनासे होतात, आणि मग तें एक तर भंगारांत जातें किंवा संग्रहालयाच्या कांचेमागें मुकाट्यानें उभें राहतें. परंतु गेल्या चाळीस वर्षांत संगणकाच्या विद्येंत एक अशी वस्तु निर्माण झाली आहे कीं, तिच्यामुळें हें सरळ उत्तर डळमळूं लागलें आहे. तिला फील्ड प्रोग्रामेबल गेट ॲरे असें लांबलचक नांव आहे. आपण तिला ‘नव्यानें घडवितां येणारी चिप’ म्हणूं.

या चिपची रचना सामान्य वाचकासहि समजण्याजोगी आहे. नेहमींची चिप कारखान्यांतून बाहेर पडली कीं तिच्या अंतर्गत जोडण्या कायमच्या झालेल्या असतात. जन्मतः जें काम तिच्या वांट्यास आलें, तेंच तिनें अखेरपर्यंत करावयाचें. या नव्या प्रकारच्या चिपमध्यें मात्र लहान लहान घटक ओळीनें मांडून ठेविलेले असतात. प्रत्येक घटक म्हणजे एक छोटेसें कोष्टकच होय. अमुक संकेत आले असतां अमुक उत्तर द्यावें, हें त्या कोष्टकांत बाहेरून भरतां येतें. आणि कोणत्या घटकाचें उत्तर कोणत्या घटकाकडे जावें, तें ठरविणाऱ्या जोडण्याहि बाहेरून सांगतां येतात. अमेरिकेंतील झायलिंक्स कंपनीनें १९८५ सालीं अशी पहिली चिप बाजारांत आणली, तेव्हां तिच्यांत अवघे ६४ घटक होते. आज विद्यार्थ्याला परवडेल अशा बोर्डावरील चिपमध्यें ते लाखाच्या घरांत असतात. यांतील बहुतेक चिपांचें एक वैशिष्ट्य असें कीं, वीज बंद होतांच भरलेलें सारें पुसलें जातें. भाद्रपदांत आपण मातीच्या मूर्तींत देवाचें आवाहन करतों, आणि विसर्जनानंतर ती माती पुन्हा नुसती माती होते; तसाच कांहींसा प्रकार येथें आहे. सकाळीं एका जुन्या संगणकाचें आवाहन करावें, दुपारीं त्याचें विसर्जन करावें, आणि सायंकाळीं त्याच चिपमध्यें दुसऱ्या संगणकाची स्थापना करावी, असें खुशाल करतां येतें.

यावर कोणी म्हणेल कीं, जुन्या यंत्राचें सोंग आजचा कोणताहि संगणक आज्ञावलीच्या साहाय्यानें आणूं शकतो. मग या चिपचें विशेष तें काय? विशेष आहे, आणि तें महत्त्वाचें आहे. आज्ञावलीनें आणलेलें सोंग हें कीर्तनकाराच्या आख्यानासारखें असतें. एकच बुवा क्षणांत राजा होतो, क्षणांत ऋषि होतो, आणि श्रोते तें गोड करून घेतात. परंतु एका वेळीं तो एकच कोणी तरी असतो. चिपमध्यें मांडलेलें यंत्र हें नाटकमंडळीच्या प्रयोगासारखें असतें. प्रत्येक पात्राला स्वतंत्र नट असून सारे एकाच वेळीं रंगभूमीवर वावरत असतात. मूळ यंत्रांतहि मध्यवर्ती चिप, चित्र रेखाटणारी चिप व ध्वनि काढणारी चिप या एकाच वेळीं काम करीत असत. म्हणून घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला मूळ यंत्र जसें वागलें असतें, तसेंच वागणारें यंत्र या मार्गानें उभें करणें अधिक स्वाभाविक होतें.

आपल्या देशाशीं संबंध असलेलें एक उदाहरण घेऊं. इंग्लंडांतील केंब्रिज येथील एकॉर्न कंपनीनें १९८१ च्या अखेरीस बी.बी.सी. मायक्रो नांवाचा संगणक काढला. १९८४-८५ सालीं भारत सरकारनें शाळांतून संगणकाची ओळख करून देण्यासाठीं ‘क्लास’ नांवाची योजना सुरू केली, तेव्हां याच यंत्राची निवड झाली. आणि आज पन्नाशीस आलेल्या पुष्कळ गृहस्थांनीं व गृहिणींनीं संगणकाच्या कळफलकावर पहिलें बोट ठेविलें तें याच यंत्राच्या. त्याच्या ‘बी’ नमुन्याची स्मरणशक्ति ३२ किलोबाइट, म्हणजे आजच्या एखाद्या साध्या छायाचित्रालाहि अपुरी पडेल इतकी. त्याच्या अंतरंगांत ६५०२ या क्रमांकाची, १९७५ सालीं निघालेली चिप होती. तींत सुमारें साडेतीन हजार ट्रान्झिस्टर होते. २००९-१० च्या सुमारास कांहीं हौशी अभ्यासकांनीं या ६५०२ चें आवरण काढून, सूक्ष्मदर्शकाखालीं तिचीं छायाचित्रें घेऊन, तिच्यांतील ट्रान्झिस्टर न् ट्रान्झिस्टर व तार न् तार कागदावर उतरविली. पुढें २०१७ पासून ‘मिस्टर’ या नांवाचा जो उपक्रम जगभरच्या स्वयंसेवकांनीं चालविला आहे, त्यांत इतर अनेक जुन्या यंत्रांबरोबर बी.बी.सी. मायक्रोचाहि आराखडा सर्वांना खुला आहे. ज्याच्यापाशीं योग्य तो बोर्ड आहे, त्यानें तो उतरवून घ्यावा आणि चाळीस वर्षांपूर्वींचें यंत्र आपल्या टेबलावर जागें करावें.

या कामांत एक गोष्ट अशी आहे कीं, जिच्यावर आमच्या मतें या सर्व प्रश्नाचा निकाल अवलंबून आहे. ती म्हणजे दोषांची नक्कल. मूळ ६५०२ चिपमध्यें एक प्रसिद्ध दोष होता. तिला कोठें उडी मारावयाची तो पत्ता स्मृतींतून वाचून घ्यावा लागे. त्या पत्त्याचा पहिला अर्धा भाग स्मृतीच्या एखाद्या पानाच्या अगदीं शेवटीं आणि उरलेला अर्धा पुढील पानाच्या आरंभीं असला, तर ती पान उलटत नसे. त्याच पानाच्या आरंभीं जें कांहीं असेल, तेंच उचलून भलतीकडेच उडी घेई. आतां नवा आराखडा लिहिणाऱ्याला हा दोष सुधारणें सहज शक्य आहे. परंतु जो जाणता आहे तो तसें करीत नाहीं. तो दोष जसाच्या तसा ठेवतो. कारण त्या काळच्या कार्यक्रमकारांनीं कांहीं वेळां यंत्राच्या अशा विक्षिप्तपणावरच आपली रचना उभारलेली असते. त्याच चिपच्या माहितीपुस्तकांत न नोंदलेल्या कित्येक आज्ञा त्यांनीं शोधून काढून वापरल्या होत्या. दोष काढला कीं त्यांची कृति कोसळते.

हें वाचतांना आपल्याकडील नकलनविसांची आठवण कोणासहि होईल. ‘जसें पाहिलें तसें लिहिलें, शुद्धाशुद्धाचा दोष मला देऊं नये’, अशा अर्थाची विनवणी पोथीच्या शेवटीं करून तो मोकळा होत असे. एकनाथांनीं शके १५०६ त, म्हणजे १५८४ सालीं, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तो स्वतःच्या रुचीप्रमाणें तो ग्रंथ सजविण्यासाठीं नव्हे, तर मध्यंतरीं शिरलेलें परकें काढून टाकण्यासाठीं. आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेंत डॉ. सुकथनकर यांनीं व त्यांच्या मागून आलेल्या विद्वानांनीं महाभारताची जी चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली, जिचें काम १९१९ पासून १९६६ पर्यंत चाललें, तिचेंहि एक तत्त्व हेंच होतें कीं, आपल्याला सोपा व गोड वाटतो म्हणून एखादा पाठ स्वीकारावयाचा नाहीं. अवघड असला तरी जो मूळचा दिसतो तोच ठेवावयाचा. जुन्या यंत्राचा आराखडा लिहिणारा अभियंता नकळत याच परंपरेंत येऊन बसतो. तो यंत्राची दुरुस्ती करीत नाहीं. तो यंत्राचा पाठ निश्चित करतो. तात्पर्य, या चिपमुळें देवळाच्या वर्गांतील एक वस्तु पोथीच्या वर्गांत आली आहे. यंत्राची संहिता होऊं शकते, आणि ती संहिता ज्यांत उतरवाल तेथें तें यंत्र पुन्हा चालूं लागतें, ही गोष्ट मनुष्याच्या इतिहासांत लहान नव्हे.

पण तें ‘तेंच’ यंत्र असतें काय ? ग्रीक लोकांत थीसियसच्या गलबताची कथा आहे. त्याच्या कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलल्या, आणि अखेर मूळची एकहि फळी राहिली नाहीं. तर मग तें गलबत तेंच कीं दुसरें? इंग्रज तत्त्ववेत्ता हॉब्ज यानें त्यांत आणखी एक पेंच घातला. टाकलेल्या फळ्या कोणी जमवून त्यांचें पुन्हा गलबत बांधलें, तर या दोहोंपैकीं खरें कोणतें ? आपला प्रश्न याहूनहि कठीण आहे. तेथें निदान गलबताचा आकार तरी कायम होता. येथें द्रव्यहि तें नाहीं, आणि अंतर्गत आकारहि तो नाहीं. कारण मूळचे साडेतीन हजार ट्रान्झिस्टर नव्या चिपमध्यें एकास एक असे बसविलेले नसून, त्यांचें कार्य कोष्टकांत वांटून दिलेलें असतें. उरतें तें केवळ वर्तन. अमुक प्रश्नाला अमुक क्षणीं अमुक उत्तर, एवढेंच काय तें ऐक्य.

एवढ्या ऐक्यावर ‘तेंच’ म्हणण्यास आपण तयार होतों कीं नाहीं ? व्यवहारांत तर रोज होतों. डोंबिवलीच्या फलाटावर उभा असलेला नोकरदार मनुष्य ‘माझी रोजची गाडी’ म्हणतो, ती कालची गाडी नसते. डबे निराळे असतात, मोटरमन निराळा असतो. मध्यंतरीं तारांतून वाहणारा प्रवाहसुद्धां एकदिश होता तो प्रत्यावर्ती झाला. तरी ती त्याची तीच गाडी. कारण तिची वेळ, तिचे थांबे आणि तिचा क्रम तोच आहे. सोस्यूर या भाषाशास्त्रज्ञानें जिनीव्हाहून पॅरिसला जाणाऱ्या गाडीच्या दृष्टान्तानें भाषेंतील ऐक्याचें स्वरूप असेंच उकलून दाखविलें होतें. परंतु त्याच नोकरदाराची छत्री गाडींत विसरली, तर मात्र ‘तीच गाडी’ उद्यां पुन्हा येईल या विचारानें त्याचें समाधान होत नाहीं. त्याला तो विशिष्ट डबाच शोधावा लागतो. म्हणजे ‘तेंच’ या शब्दाचा अर्थ आपण त्या वस्तूकडून काय मागतों यावर ठरतो. प्रवास मागितला तर क्रम पुरतो. छत्री मागितली तर क्रम पुरत नाहीं.

यंत्राकडूनहि आपण दोन निरनिराळ्या गोष्टी मागतों : एक काम, आणि दुसरी साक्ष. काम संहितेंतून मिळतें. साक्ष मात्र मिळत नाहीं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास आलेल्या पहिल्या आगगाडीला साहेब, सिंध व सुलतान अशीं तीन इंजिनें जोडलेलीं होतीं. त्यांच्या बरहुकूम नवें इंजिन आज बनविलें तर तें गाडी ओढील, शिटीहि वाजवील. पण ‘त्या दिवशीं मी येथें होतों’ असें तें म्हणूं शकणार नाहीं. लोखंडावरील ओरखडा, एखाद्या कामगारानें घाईंत दिलेला डाग, वापरून झिजलेली कळ, या सर्वांना संहितेंत स्थान नाहीं. आणि इतिहासाला नेमकें त्यांचेंच अगत्य असतें. म्हणून या नव्या विद्येच्या भक्तांनीं दोन गोष्टी पाळल्या पाहिजेत असें आम्हांस वाटतें. नकलेला नक्कल म्हणावें. आणि नक्कल तयार झाली या समाधानांत मूळ यंत्र भंगारवाल्याच्या हवालीं करूं नये. पोथी छापली म्हणून कोणी हस्तलिखित जाळीत नाहीं.

हा उपदेश पोकळ वाटूं नये म्हणून आपल्याच दाराशीं घडलेली एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. भारतांत बनलेला पहिला मोठा संगणक मुंबईस टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च या संस्थेंत, आर. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं तयार झाला. १९५६ त त्याचा लहान नमुना सिद्ध झाला; १९६० त पूर्ण यंत्र चालू झालें; १९६२ त पंडित नेहरूंनीं त्याचें ‘टिफ्रॅक’ असें नामकरण केलें. त्यांत २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रेझिस्टर होते; आणि त्याची स्मृति ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे एकूण ८१,९२० बिटांची होती. १९६४ त परदेशांतून अधिक शक्तिमान असें सी.डी.सी. ३६०० हें यंत्र आलें, आणि त्यानंतर लवकरच टिफ्रॅकचें आयुष्य संपलें. मिस्टर उपक्रमांत वापरल्या जाणाऱ्या बोर्डावरील चिपमध्यें पन्नास लाखांहून अधिक बिटांची स्मृति असते; टिफ्रॅकची सारी स्मृति तिच्या एका कोपऱ्यांत मावेल. तेव्हां अडचण जागेची नाहीं, पैशाचीहि नाहीं. असें यंत्र पुन्हा चालवावयाचें तर त्याची संपूर्ण संहिता पाहिजे : आकृत्या, आज्ञांची यादी, त्यावर चाललेले कार्यक्रम, आणि ज्यांनीं तें चालविलें त्यांनीं टिपून ठेवलेल्या त्याच्या खोडी. मँचेस्टर येथें १९४८ सालीं चाललेल्या ‘बेबी’ नांवाच्या संगणकाची प्रतिकृति पन्नासाव्या वर्षीं, १९९८ त, उभी राहूं शकली. कारण तो बनविणाऱ्या पिढींतील माणसें सांगावयास हयात होतीं. माणसें जातात तशी संहिताहि जाते, हें आपण वेळीं ओळखलें पाहिजे.

मराठी वाचकाला तर हा प्रश्न याहूनहि जवळचा आहे. १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेनें पुण्यांत ‘जिस्ट’ नांवाचें तंत्र वाढीस लावलें. त्याचें कार्ड संगणकांत बसविलें म्हणजे पडद्यावर देवनागरी अक्षरें उमटूं लागत. तें काढलें कीं तोच मजकूर निरर्थक चिन्हांची रांग होऊन जाई. पुढें छपाईसाठीं निरनिराळ्या कंपन्यांचे टंक आले, आणि प्रत्येकाची अक्षरांना अंक देण्याची रीति निराळी. १९९१ सालीं भारतीय लिप्यांसाठीं इस्की हें प्रमाण ठरलें. तरी व्यवहारांत ती विविधता बराच काळ राहिली. ठाण्या-कल्याणच्या छापखान्यांतून त्या वर्षांत जुळलेल्या दिवाळी अंकांच्या, स्मरणिकांच्या, काव्यसंग्रहांच्या मूळ फायली आज कोणास फ्लॉपीवर सांपडल्या, तर त्या वाचण्यास नुसती मराठी येऊन भागत नाहीं. कोणत्या अंकाला कोणतें अक्षर हें सांगणारें कोष्टक, आणि कित्येकदां तें यंत्रच पाहिजे. मोडी वाचणारे कमी झाले म्हणून दप्तरें मुकीं झालीं, असें आपण म्हणतों. परंतु मोडीला शेंकडों वर्षें लागलीं, आणि येथें तीस वर्षें पुरलीं. अशा प्रसंगीं जुनें यंत्र पुन्हा जागें करण्याची विद्या हा निव्वळ खेळ राहत नाहीं. तें भाषेच्या स्मृतीचें साधन होतें.

या उद्योगावर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो कीं, हें सारें आपल्या बालपणासाठीं हळहळणाऱ्या लोकांचें खूळ आहे, आणि यांतील बहुतेक श्रम जुने खेळ खेळण्यासाठींच खर्च होतात. आक्षेप सर्वस्वीं खोटा नाहीं. टेपवरून कार्यक्रम चढण्याची वाट पाहत बसलेल्या मुलाचें जें कुतूहल होतें, तें चिपमध्यें उतरवितां येत नाहीं. कारण तें यंत्रांत नव्हतेंच, तें त्या मुलांत होतें. जो मनुष्य जुन्या यंत्रांत स्वतःचें तारुण्य शोधावयास जाईल, त्याला यंत्र सांपडेल, तारुण्य नाहीं. परंतु प्रेरणा हळवी असली म्हणून कृति हलकी ठरत नाहीं. डेनिस व्हॅन वीरेन या डच अभियंत्यानें अमिगा या १९८५ सालच्या संगणकाचा आराखडा अशा चिपमध्यें उतरविला, आणि २००७ सालीं तो जगास खुला केला. आरंभीं हौस असेल, पण त्यासाठीं मूळ यंत्राचा पुरा अभ्यास करावा लागला, आणि त्याचें फळ सर्वांना मिळालें. दुसरा आक्षेप मालकीचा. मूळ यंत्राच्या रॉममध्यें साठविलेला कार्यक्रम कोणाच्या तरी हक्काचा असतो, आणि मालकानें विक्री थांबविली म्हणून तो हक्क आपोआप नाहींसा होत नाहीं. हें मान्य केलेंच पाहिजे. मात्र जो मालक स्वतः जपत नाहीं व दुसऱ्यासहि जपूं देत नाहीं, त्याच्या हक्काची मर्यादा काय असावी, याचा विचार समाजानें करणें रास्त आहे.

शेवटीं एक व्यावहारिक सूचना करून हा लेख पुरा करतों. आपल्या भागांतील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून अशा चिपांवर आराखडे लिहिण्याचें शिक्षण दिलें जातें, आणि त्याच वेळीं कोठल्या तरी कपाटांत जुनी यंत्रें निर्लेखनाची वाट पाहत पडलेलीं असतात. या दोन गोष्टींची गांठ घालून द्यावी. यंत्र भंगारांत जाण्यापूर्वीं त्याची माहितीपुस्तिका, त्याच्या आकृत्या व त्याचे कार्यक्रम महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत जमा व्हावेत. एखादा नमुना जसाच्या तसा राखावा. आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनीं एक जुनें यंत्र, त्याच्या दोषांसकट, चिपमध्यें उतरवून दाखवावें. नवें यंत्र विकत घेण्यास पैसा लागतो. जुनें यंत्र पुन्हा लिहिण्यास तें पूर्ण समजावें लागतें. आपल्या मुलांनीं यंत्रें नुसतीं वापरावीं एवढीच आपली इच्छा असेल, तर हा खटाटोप करण्याचें कारण नाहीं. परंतु ज्यांनीं तीं घडविलीं त्यांच्या बुद्धीशीं आपल्या मुलांची ओळख व्हावी असें वाटत असेल, तर इतका समग्र अभ्यासक्रम दुसरा क्वचितच सांपडेल. आणि कल्याण-डोंबिवलीच्या घरोघरीं माळ्यावर पडलेल्या खोक्यांकडेहि मग आपण निराळ्या नजरेनें पाहूं लागूं.